ट्रेमध्ये उरलेले दाणे

दहाही ट्रेमध्ये गव्हाचा भरडा जवळजवळ जसाच्या तसा होता. मी पहिला ट्रे काट्यावर ठेवला, वजन वहीत लिहिलं, मग दुसरा घेतला. सातव्या ट्रेपर्यंत माझा चेहरा चांगलाच खुलला होता. पंधरा दिवसांपूर्वी याच बांधावर, याच जागी ठेवलेले ट्रे सकाळी चाटूनपुसून साफ झालेले सापडले होते. मधल्या दिवसांत आम्ही उंदरांचं औषध टाकलं होतं. आता दाणे कुणी खाल्ले नव्हते, म्हणजे खाणारे उरले नव्हते.

हा माझा हिशेब साफ चुकला. तो कसा चुकला हे लिहायला मी पाच वर्षं टाळाटाळ केली, कारण ती चूक माझ्यासारखीनं करायची नव्हती. दुसऱ्या कुणी केली असती तर मी त्याची चांगली हजेरी घेतली असती.

आमच्या प्रताप नगरात मला 'उंदरांच्या मॅडम' म्हणतात. त्यात थोडी थट्टा आहे, पण खोटं काही नाही. नोकरीची शेवटची एकोणीस वर्षं मी नागपूरच्या एका पेस्ट कंट्रोल कंपनीत टेक्निकल ॲडव्हायझर होते. गोदामं, डाळ मिल, हॉस्पिटलची स्वयंपाकघरं, शेतं, जिथे उंदीर तिथे मी. त्याआधी तरुणपणी तीन वर्षं राजस्थानच्या वाळवंटात एका रिसर्च प्रोजेक्टवर होते. लग्नाच्या वयात मुलगी वाळूत उंदीर मोजत बसली आहे, हे माझ्या आईनं नातेवाइकांना कधीच धडपणे सांगितलं नाही. 'सरकारी काम आहे' एवढंच म्हणायची.

त्या वाळवंटात जर्बिल नावाचा लहानसा उंदीर असतो. मोठे काळे डोळे, मागच्या पायांवर उड्या आणि शेपटीच्या टोकाला केसांचा झुपका. दिवसभर बिळात असतो, अंधार पडला की दाणे वेचायला निघतो. आमचं काम असं होतं: एका ट्रेमध्ये वाळू घ्यायची, तिच्यात मोजून बाजरीचे दाणे मिसळायचे आणि ट्रे रात्रभर बाहेर ठेवायचा. काही ट्रे झुडपाखाली, काही उघड्यावर. सकाळी वाळू चाळायची आणि किती दाणे उरले ते मोजायचं. झुडपाखालचे ट्रे जर्बिल जवळजवळ रिकामे करायचा. उघड्यावरच्या ट्रेमध्ये चार दाणे खाऊन निघून जायचा. चांदणं असलं की आणखी लवकर निघून जायचा.

त्याला भूक नसायची असं नाही. उघड्यावर घुबड त्याला वरून उचलतं. म्हणून तो प्रत्येक दाण्यामागे बघतो, की एवढ्यासाठी जीव धोक्यात घालणं परवडतं का. परवडेनासं झालं की उठतो. एसटी स्टँडवर आपण आलूबोंडा मागवतो आणि अर्धा खाऊन होतो न होतो तोच गाडीचा हॉर्न वाजतो. आपण प्लेट तशीच टाकून पळतो. मागे राहिलेला आलूबोंडा बघून कुणी म्हणेल की या माणसाला भूक नव्हती, तर तो चुकेल. ट्रेमध्ये उरलेले दाणे किती उंदीर आहेत ते सांगत नाहीत, उंदीर किती घाबरलेत ते सांगतात. हे मी तीन वर्षं स्वतःच्या हातांनी वाळू चाळून शिकले होते. पुढे कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये नवीन मुलांना शिकवतही होते.

नरखेड तालुक्यातलं ते काम आमच्याकडे आलं एका संस्थेकडून. जुनी गावरान बियाणी जपणारी संस्था होती. त्यांनी गिरजाबाई नावाच्या एका शेतकरी बाईंच्या अर्ध्या एकरात भुईमूग लावला होता आणि त्यात उंदीर शिरले होते. आजूबाजूला संत्र्याच्या बागा, एका बांधापलीकडे शेजाऱ्याचाही भुईमूग, दुसरीकडे कपाशी, आणि मध्ये हा हिरवागार तुकडा.

भुईमुगाला आमच्याकडे फल्ली म्हणतात. गिरजाबाईंची फल्ली वेगळी होती. शेंग बारीक, टरफल पातळ, आत तीन दाणे आणि दाण्याचं साल गडद लाल. गिरजाबाई तिला 'लाल फल्ली' एवढंच म्हणायच्या. त्यांच्या सासूबाईंनी ती चालवली, मग यांनी. गावात बाकी सगळ्यांनी केव्हाच बाजारातली टपोरी, गुलाबी दाण्याची जात धरली होती. फल्लीचं बियाणं फार काळ टिकत नाही. दोन पावसाळे ठेवलं की त्यातलं थोडंच उगवतं. त्यामुळे दरवर्षी पेरायचं आणि दरवर्षी नवीन बी धरायचं, एवढाच मार्ग. त्या वर्षी संस्थेला बी वाटायचं होतं, म्हणून गिरजाबाईंनी मडक्यात होतं तेवढं सगळं पेरलं होतं. त्या अर्ध्या एकरात जे होतं ते होतं. दुसरीकडे कुठे काही नव्हतं.

पहिल्या भेटीत मी बिळं पाहिली आणि मला माझं वाळवंट आठवलं. आमच्या भागात कोरड्या शेतांतही जर्बिल असतात. वाळवंटातल्यांचेच भाऊबंद. बांधाच्या कडेनं बिळांची रांग होती, आणि बांधावर कमरेइतकं गवत. गोखरू आणि कुसळांनी माझे पायमोजे भरून गेले. मी बांधावर बसून एकेक काटा उपटत होते, तेव्हा गिरजाबाईंची सून वंदना माझ्याकडे पाहत उभी होती. तिनं घरून तांब्यात पाणी आणून दिलं.

शेताच्या कोपऱ्यात पंपाची खोली होती आणि शेजारी विजेचा खांब. खांबाखाली मला घुबडानं ओकलेले गोळे सापडले. घुबड उंदीर अख्खा गिळतं आणि न पचणारे केस आणि हाडं गोळा करून तोंडावाटे टाकतं. मी एक गोळा फोडला. आत जर्बिलची कवटी होती.

"हे काय करून राहिल्या, मॅडम?" वंदनानं विचारलं.

"घुबडाचा डबा बघतेय. ते काय जेवलं ते."

"घुबड खांबावर बसते म्हनून मामंजी त्याले दगड मारत जाय. अपशकुनी म्हनते त्याले."

"मारू नका म्हणावं. तो आपल्याच कंपनीचा माणूस आहे."

ती हसली. मी तिला ट्रे कसे भरायचे, किती वजनाचा भरडा टाकायचा, संध्याकाळी कुठे ठेवायचे ते शिकवलं. मुलगी हुशार होती. दहावीनंतर शिक्षण सुटलं होतं, पण वहीत आकडे असे लिहायची की आमच्या ऑफिसातल्या मुलांनी बघावेत. दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रे रिकामे सापडले. यालाच आम्ही सेन्सस म्हणतो. औषधाआधी एक सेन्सस आणि औषधानंतर एक. आधी किती खाल्लं, नंतर किती खाल्लं, यावरून औषध किती लागू पडलं ते ठरतं. ही पद्धत चुकीची नाही. फक्त दोन्ही वेळा बाकी सगळं सारखं असायला हवं.

मग आम्ही औषध टाकलं. सावकाश लागणारं, म्हणजे उंदराला संशय येत नाही. काही उंदीर मेलेही. वंदनानं फोटो पाठवले. दोन आठवड्यांनी मी तिला फोन करून सांगितलं, "मंगळवारी सकाळी येते. सोमवारी संध्याकाळी ट्रे ठेव. आणि या वेळी फोटो काढायचे आहेत, रिपोर्टला लागतात."

तर ही ती मंगळवारची सकाळ. मी नागपुरातून पहाटे निघाले होते. शेतात पोचले आणि खरं सांगायचं तर मला छान वाटलं. सगळा बांध लख्ख साफ होता. गवताची एक काडी नव्हती. अंगण सारवावं तसा दिसत होता.

"वा, काय सुंदर ठेवलंय," मी म्हटलं.

वंदना लाजली. गिरजाबाई म्हणाल्या, "काल अख्खा दिवस लागला. आमी चार बाया होतो. तुमी फोटो काढनार म्हने. आन मागच्या खेपेले तुमच्या पायाले काटे लई लागले."

मी आभार मानले. मग चकचकीत बांधावरचे ते ट्रे एकेक करून तोलले. दाणे तसेच होते. खांबाखाली गोळे मागच्यापेक्षा जास्त होते. ते पाहूनसुद्धा माझ्या डोक्यात एवढंच आलं की घुबडही जोमानं कामाला लागलंय.

आता वाचणाऱ्याला सगळं दिसत असेल. लपायला असलेलं गवत आदल्या दिवशी गेलं. वर खांबावर घुबड. समोर उघडा बांध आणि त्यावर मांडलेले दहा ट्रे. वाळवंटात तीन वर्षं मी मुद्दाम मांडायचे तोच प्रयोग चार बायांनी माझ्या पाहुणचारासाठी मांडून ठेवला होता. आणि मी मध्ये उभी राहून फोटो काढत होते.

खात्री करायची दुसरी पद्धत होती. संध्याकाळी सगळी बिळं मातीनं बुजवायची आणि सकाळी किती उघडली ते मोजायचं. उंदीर घाबरलेला असो की नसो, बिळाचं दार तो उघडतोच. पण त्यासाठी गावात मुक्काम करावा लागतो, आणि दुसऱ्या दिवशी मला इतवारीतल्या एका धान्य गोदामात जायचं होतं. ट्रेचे आकडे इतके स्पष्ट आहेत की बिळं मोजायची गरज नाही, असं मी स्वतःला सांगितलं. स्वतःला असं काही सांगावं लागतं तेव्हाच थांबायला हवं, ही अक्कल मला पुढे आली.

गिरजाबाई तोवर पिकात फिरून आल्या होत्या. साठीच्या, बुटक्या, काटक. शेतात चपला घालायच्या नाहीत.

"मॅडम, मले नाही वाटत ते मेले म्हनून. बिळाच्या तोंडाशी ताजी माती दिसून राहिली."

"सगळे मरत नाहीत, गिरजाबाई. दोनचार उरतातच. हे बघा आकडे."

मी वही पुढे केली. त्यांना वाचता येत नव्हतं, हे मला माहीत होतं. तरी मी वही पुढे केली.

त्यांनी वहीकडे पाहिलं, मग वंदनाकडे. मग म्हणाल्या, "तरी पन एक इचारतो. अर्धी फल्ली आत्ताच उपटून घेऊ काय? बाकीची राहू दे मंग पिकेपर्यंत."

"आत्ता उपटली तर दाणा कोवळा निघेल. बियाण्याला चालणार नाही, उगवणार नाही. अजून बारा दिवस थांबा. दाणा भरू द्या."

"पन उंदरानं खाल्ली तं?"

"उंदीर संपलेत. मी लिहून देते."

आणि मी खरंच लिहून दिलं. पंपाच्या खोलीच्या ओट्यावर बसून रिपोर्ट भरला. 'नियंत्रण नव्वद टक्क्यांहून अधिक. पीक पूर्ण पक्व होईपर्यंत ठेवण्यास हरकत नाही.' खाली सही केली.  शिकलेल्या माणसानं कागदावर सही केली की आपल्याकडे बोलणं संपतं, आणि हे मला सोयीचं होतं.

परतताना गाडीत मी आमचे मॅनेजर तिवारी साहेब यांना फोन केला. ते चौथ्या पिढीचे नागपूरकर, घरात हिंदी आणि ऑफिसात दोन्ही.

"क्या मॅडम, काम झालं ना?"

"उत्तम झालं. फोटो पाठवलेत."

"पाहिले ना. एकदम क्लीन. ब्रोशरमध्ये टाकू आपण. पहिलेवाला आणि नंतरवाला, दोन्ही बाजूबाजूला."

बारा दिवसांनी उपटणीला मला बोलावलं होतं. संस्थेची दोन माणसं येणार होती, त्यांनी ऐन वेळी नाही सांगितलं. मी गेले. चौघी बायांनी ओळी धरल्या. पहिल्या ओळीतलं पहिलं झाड गिरजाबाईंनी उपटलं. वर पानं अशी हिरवी, टवटवीत, आणि खाली नुसत्या मुळ्या. शेंगांच्या जागी तुटलेले देठ लोंबत होते.

"कडेचं आहे. बांधाजवळचं," मी म्हटलं.

त्यांनी दुसरं उपटलं. तिसरं. मग ओळ सोडून शेताच्या मधोमध गेल्या आणि तिथलं उपटलं. मातीत टरफलं निघाली, पातळ, कुरतडलेली. वरून पाल्याचं छप्पर, खाली जेवण. घुबडाला दिसणार नाही अशी जागा त्या अर्ध्या एकरात एकच होती, आणि ती म्हणजे पीक. बांधावरचं गवत असताना उंदीर निदान दोन्हीकडे चरत होते. ते गेल्यावर सगळे आत शिरले, आणि मी त्यांना बारा दिवस दिले.

चार बायांना ते शेत उपटायला दुपार झाली.  शेवटी एका सुपात जे जमलं त्यात कोवळ्या, पोचट शेंगाच जास्त होत्या. उंदीर भरलेली शेंग ओळखतो. त्यानं आपल्यासाठी सोडलेल्या शेंगा बियाण्याच्या नसतात.

"बिळं खोदू," गिरजाबाई म्हणाल्या. "ते साठवून ठेवते."

माझ्या मनात आशा आली. जर्बिल खरंच बिळात साठा करतो. वंदना आणि मी कुदळी घेतल्या. वय विसरून मी खोदलं. चार बिळं रिकामी निघाली. पाचव्यात हातभर आत एक खोली लागली आणि तीत शेंगा. वंदनानं ओंजळीनं बाहेर काढल्या. मातीनं माखलेल्या पण चांगल्या, दोन ओंजळी भरतील एवढ्या. मी जमिनीवरच बसले. गिरजाबाईंनी एक शेंग उचलली, अंगठ्यानं दाबून फोडली.

दाणे गुलाबी होते.

दुसरी फोडली, गुलाबी. तिसरी, चौथी. बांधापलीकडच्या शेतात बाजारातली फल्ली होती आणि ती आठ दिवसांपूर्वीच निघाली होती. जाड टरफलाची ती उंदरांनी नेऊन साठवली. पातळ टरफलाची, गोड, ती जागच्या जागी खाल्ली. आम्ही ओंजळीतली प्रत्येक शेंग फोडली. लाल दाण्याच्या तीन निघाल्या. तिन्हींच्या टरफलाला भोक होतं आणि दाण्यांचं टोक कुरतडलेलं होतं. अंकुर तिथूनच फुटतो.

गिरजाबाईंनी ते कुरतडलेले दाणे पदरात बांधले आणि घरी निघाल्या. मला चहा घेऊन जा म्हणाल्या. मी चहा घेतला नाही. मला तिथे बसवेना.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर मी फोनमधले दोन फोटो शेजारी शेजारी उघडले. तिवारी साहेबांना ब्रोशरला हवे होते तेच. पहिल्यात ट्रे गवतात अर्धे बुडालेले. दुसऱ्यात उघड्या मातीवर चमकणारे. एखाद्या शिकाऊ मुलानं मला हे फोटो दाखवले असते, तर मी एका मिनिटात सांगितलं असतं. मला फार लाज वाटली. 

तरी मी खात्री केली. आधी करायची ती आता केली. वंदनाला फोन करून सांगितलं की बांधावर दहा ट्रे ठेव. पाचांवर पऱ्हाटीचा आडोसा कर, पाच उघडे ठेव. पऱ्हाटी म्हणजे कपाशीची वाळकी झाडं, तिच्या अंगणात रचलेली होतीच. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं फोटो पाठवले. पऱ्हाटीखालचे पाचही ट्रे साफ. उघड्या पाचांत दाणे जसेच्या तसे.

मी तिवारी साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि रिपोर्ट मागे घ्यायचा आहे म्हटलं.

"क्लायंटनं कंप्लेंट केली का?"

"नाही."

"त्या बाईनं?"

"नाही."

"तर मग काहून करून राहिल्या, मॅडम? फसल आहे, कधी होते, कधी नाही होत. उंदीर बाजूच्या खेतातून आले म्हणा."

"बाजूच्या शेतातून आले नाहीत. होते तिथेच होते. मी वाचायला चुकले."

ते खुर्चीत मागे रेलले. माणूस वाईट नाही. माझी शेवटची दोन वर्षं उरली होती आणि ती नीट जावीत असं त्यांना वाटत होतं. "तुम्ही सतरा वर्षांत एकदाही रिपोर्ट वापस नाही घेतला," ते म्हणाले.

"घ्यायला हवे होते बहुतेक. परत जाऊन बघितलंच नाही."

दुरुस्त केलेला रिपोर्ट मी संस्थेला पाठवला. त्यांनी 'मिळाला' म्हणून कळवलं. त्यापुढे काही आलं नाही. मी पुढचे तीन महिने जमेल तिथे लाल फल्ली विचारत फिरले. नरखेड, काटोल, मध्य प्रदेशाच्या हद्दीला लागलेली गावं. म्हाताऱ्या माणसांना ती आठवत होती. एकानं चवीचं वर्णनही केलं. पण कुणाच्या घरात दाणा नव्हता.

आता मला सगळ्यात जास्त सलतं ते सांगते. चूक नेमकी कुठे झाली हे गिरजाबाईंना सांगणं मला माझं कर्तव्य वाटलं. मी मुद्दाम गावी गेले. ओट्यावर बसून दोघींना समजावून सांगितलं, की उंदीर उघड्यावर का खात नाही, बांध साफ झाल्यावर काय झालं, मी काय ओळखायला हवं होतं. माफी मागितली. मी प्रामाणिकपणाच्या भरात होते आणि समोर कोण बसलंय हे पाहिलं नाही.

वंदना ऐकता ऐकता पांढरी पडली. "म्हंजे घास कापला म्हनून फल्ली गेली."

"नाही. गवत कापणं बरोबरच होतं. बांध साफच ठेवावा. ते बघून मी ट्रे दुसरीकडे ठेवायला सांगायला हवे होते, बिळं मोजायला हवी होती. चूक माझी आहे."

"पन आमी नसता कापला तं तुमाले उंदीर दिसले असते."

 ते खरं होतं.

गिरजाबाई सुनेच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "जाऊ दे वं. आपल्याले काय मालूम. मॅडमले बिचारीले आपल्या पायी खाली पाहावं लागलं."

मी परत परत सांगितलं की चूक माझी आहे. त्या माना डोलावत राहिल्या. मी जितकं समजावलं तितका दोष त्यांनी आपल्याकडे ओढून घेतला. मी खरं बोलून माझं ओझं हलकं केलं आणि ते त्या दोघींच्या डोक्यावर ठेवून आले. गप्प राहायला हवं होतं असं मी म्हणत नाही. पण सांगण्याची काही दुसरी रीत असेल, ती मला आली नाही.

धंद्यापुरता धडा मी घेतला. त्यानंतर कुठल्याही साइटवर गेले की आकडे बघण्याआधी माझा पहिला प्रश्न असायचा, "मी येणार म्हणून काय काय साफ केलंत?" इतवारीत एक व्यापारी छाती फुगवून म्हणाले, "पूरं गोदाम झाडून काढलं, मॅडम. एक बोरा जागेवर नाही ठेवला." मी म्हटलं, "मग मी चार दिवसांनी न सांगता येते." ते नाराज झाले. त्यांच्याकडे मी तीनदा गेले आणि तीनदा बिळं बुजवून मोजली. त्यांचं गोदाम आता ठीक आहे.

रिटायर झाल्यावर पहिल्याच जूनमध्ये गिरजाबाईंचा फोन आला. वंदनानं लावून दिला होता. संस्थेनं त्यांना दुसऱ्या जातीची फल्ली दिली होती, गुलाबी. पाऊस बरा झाला होता, जमीन तयार होती. गावात सगळ्यांची पेरणी सुरू झाली होती.

"मॅडम, एक इचारायचं होतं. पेरू काय आता?"

 चाळीस वर्षं ही बाई पायाखालच्या ओलीवरून पेरत आली होती. बिळाच्या तोंडाशी ताजी माती तिनं पाहिली होती आणि तिचं बरोबर होतं.

"गिरजाबाई, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. जमीन बघा, तुम्हाला काय वाटतं?"

 त्या म्हणाल्या, "मले काय समजते, मॅडम. तुमीच सांगा."